दोन्ही नांगर

सेनिहा रोज सकाळी चहा ओतण्याआधी आपली खुर्ची पाण्याकडे वळवून घ्यायची. मग पेले भरायचे, ऑलिव्हची बशी पुढे सरकवायची, सुनेला म्हणायचं, "बस गं नेवीन, पाव गार होतोय." पण नजर मात्र बोस्फरसच्या सामुद्रधुनीवरून हलायची नाही.

घर म्हणजे दोनच खोल्या. पूर्वी तिथे होड्या ठेवत. सेनिहाचा नवरा होडीवाला होता. तो गेला, खोल्या राहिल्या. दाराबाहेर टेबलापुरता धक्का आणि त्याखाली थेट पाणी. बोस्फरस नेमका तिथेच वळतो. काळ्या समुद्राकडून येणारं प्रत्येक जहाज वळता वळता क्षणभर त्यांच्याच दारावर रोखल्यासारखं दिसायचं.

नेवीन लग्न होऊन आली तेव्हा साखरेचा डबा कुठे असतो हे सांगायच्या आधी सासूनं तिला धक्क्यावर उभं केलं होतं. "जहाजाचा एकच नांगर दिसतोय ना, मग खुशाल खा. दोन्ही बाजूंचे दोन्ही दिसले, की ते आपल्याकडे येतंय. दुसरा दिसेनासा होईपर्यंत घास गिळायचा नाही."

नेवीनला तेव्हा हसू आलं होतं. सेनिहा लहान असताना पलीकडच्या आळीत एका घरात जहाज घुसलं होतं. घरातलं टेबल पाण्यावर तरंगत आलं होतं, वरची चादर तशीच. हे तिनं सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, आणि नेवीनचं हसू विरलं. वर्षभरात तिचाही हात वळणावरच्या जहाजापाशी अडायला लागला. चेरीच्या मुरंब्याबरोबर ती भीतीही सासूकडून सुनेकडे आली.

नेवीनच्या नवऱ्याला, एर्दिंचला, दोघींची चेष्टा करायला रविवार पुरायचा नाही. रविवारी न्याहारी दुपारपर्यंत चाले. आत मंद आचेवर चहाची जोडकिटली, खाली पाणी, वर अर्क. उठून पुन्हा पुन्हा पेले भरायचे.

सेनिहाच्या शेवटच्या रविवारी त्यानं आईची खुर्चीच फिरवली.

"आज पाण्याकडे पाठ. एक दिवस तरी चहाची चव घे, आई."

"आणि जहाज कोण बघणार?"

"कप्तान बघेल की! त्याला पगार त्याचाच मिळतो."

छोटी पेलिन खिदळली. "आजी घाबरट!"

"हो गं बाई, घाबरट," सेनिहा म्हणाली. "बरं, नेवीन बघेल." आणि खरंच बसली.

खाल्लंही तिनं मनापासून. साईवर मध ओतून घेतला, टोमॅटो-अंड्याचा तवा पावानं पुसून काढला. नवरा मागणी घालायला आला तेव्हा होडीतून उतरताना कसा पाण्यात पडला, ते सांगताना तिला हसू आवरेना. नेवीननं तिला असं मोकळं हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात वळणावर जहाज आलं. गव्हाचं असावं, खोल बसलेलं. एक नांगर दिसला. मग दुसरा.

वळेल. रोज वळतात. नेवीननं मनातल्या मनात म्हटलं. बोलावं तर एर्दिंच हसणार, आणि हा हसरा चेहरा पुन्हा पाण्याकडे वळणार. ती थांबली. दोन्ही नांगर तसेच होते, आता त्यांच्यावरचा गंजही दिसत होता.

सेनिहाचं बोलणं मध्येच तुटलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. सुनेच्या हातातला पावाचा तुकडा तोंडापाशीच थांबला होता, त्याच्याकडे पाहिलं.

"नेवीन, दोन्ही?"

"दोन्ही, आई."

भोंगा झाला. तुटक, पुन्हा पुन्हा, थांबेचना. एर्दिंच वळला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पेलिनला खांद्यावर टाकून तो घरामागच्या पायऱ्यांकडे धावला. समोर पाणी दिसेना, नुसती काळी भिंत दिसत होती.

समुद्रपक्षी ओरडला तरी दचकणारी सेनिहा शांतपणे उठली. खिडकीतून आतली निळी ज्योत दिसत होती. नेवीननं तिची बाही धरली.

"आई, चला ना! अहो, चला!"

सेनिहानं बाही सोडवून घेतली आणि सुनेला पायऱ्यांकडे ढकललं.

"अगं, लाकडाचं घर हे. चहाखालचा गॅस चालूच राहिलाय. तू हो पुढे, मी आलेच."