सूर्याचं बटण

लियाव थ्येनफाची कुणाला दया यावी अशी सोय त्याने आयुष्यात कधी ठेवलीच नव्हती. ताइनानच्या किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्यात त्याची शीमू माशांची तळी होती. हिवाळ्यात थंडीची लाट आली की हे मासे पोट वर करून तरंगायला लागतात. अशा पहाटे तो दोन्ही पोरांना छातीभर पाण्यात उतरवायचा आणि स्वतः बांधावर काठी टेकून शिव्या हासडत उभा राहायचा. थोरला चिरोंग एकदा फणफणत्या तापात काठावर चढायला लागला, तर बापाने काठीचं टोक त्याच्या छातीला लावून त्याला परत आत लोटलं.

"मासे मेले तर वर्ष बुडेल. तू मेलास तर एक खाणारं तोंड कमी होईल," तो म्हणाला. आणि हे थट्टेत नव्हतं.

बायको आलान फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली ती ऐन उन्हाळ्यात. चिरोंग म्हणाला, आईच्या खोलीत एसी बसवू. थ्येनफाने भाताचा वाडगा खाली ठेवला. "तळ्यावरचा वारा फुकट येतोय. जायच्या वाटेवरल्या बाईला कसले चोचले?" आलान भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला झोप लागलेली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. पुढे तळ्यांवर सौर पॅनेलांचं छप्पर आलं. वीज कंपनीचं भाडं सुरू झालं आणि मुलांनी गावात चार मजली, अरुंद, उंच घर बांधलं. गच्चीवर एकच मोठं मशीन आणि त्याच्यावर चालणारे चार खोल्यांतले चार एसी. वरच्या तीन खोल्या मुला-सुनांच्या आणि नातवाच्या. म्हाताऱ्याच्या वाट्याला आली तळमजल्यावरची स्वयंपाकघरामागची खोली. तिला एक खिडकी होती, ती शेजारच्यांच्या भिंतीवर उघडायची.

म्हातारपणात थ्येनफाचं अंग वाळून काटकी झालं होतं. गार वारा त्याला मुळीच सोसायचा नाही. जूनमधल्या एका दुपारी, चष्मा न लावताच, सुनेने लावून दिलेला एसी बंद करायला म्हणून त्याने रिमोटवर भलतंच बटण दाबलं. वारा थांबला. त्याचं काम झालं. पण थोड्याच वेळात थोरली सून सुछिन घामाने निथळत जिना उतरून आली.

"बाबा, तुम्ही काही केलंत का? वर एकाही खोलीत गार येत नाही. सगळीकडे नुसते दिवे लुकलुकतायत."

"मी कशाला करू? मला आहे कोण इथे विचारणारं?"

मिस्त्रीला बोलावलं. आचुंग नाव त्याचं, बोलका, पान खाणारा गडी. सगळ्या खोल्या फिरून तो खाली आला आणि म्हाताऱ्याचा रिमोट हातात घेऊन खो खो हसत सुटला.

"अहो, हा सूर्य बघा! आजोबांनी हीटिंग लावलंय. वर मशीन एकच आहे ना, वहिनी. तेच चारही खोल्यांना गॅस पाठवतं. एकाला गरम आणि दुसऱ्याला गार, असं दोन्ही त्याला एका वेळी जमत नाही. कुणी गरम मागितलं की आधी त्याचं ऐकतं, गारवाल्यांनी थांबायचं. म्हणून ते दिवे लुकलुकतायत."

"पण त्यांच्या खोलीत तरी कुठे गरम येतंय?"

"एवढ्या उन्हात गरम करायला मशीन धजावत नाही. नुसतं अडून बसतं. पण यांनी सूर्य सोडेपर्यंत तुम्हाला काही देणार नाही." आणि जाता जाता त्याने म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "आता घराचे मालक तुम्हीच, आजोबा!"

सगळे हसले. थ्येनफा हसला नाही. त्याने रिमोट उचलून उशीखाली ठेवला.

त्या दिवसापासून घराला शनी लागला. सकाळच्या पेजेत माशाचं पोट आलं नाही, की सूर्य. धाकट्याने जाता-येता विचारपूस केली नाही, की सूर्य. तो पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा, बटण दाबायचा आणि वरून कुणाच्या पायांचा आवाज येतोय याची वाट बघत पडायचा. तळी गेल्यापासून इतकी मजा त्याला आली नव्हती. सुना आर्जवं करायच्या, नातवाला पुढे करायच्या. "आजोबा, प्लीज म्हण रे सोन्या." थ्येनफा कान कोरत बसायचा. रिमोट मागायला गेलं तर तो शर्टाच्या आत घालायचा आणि "मारा म्हाताऱ्याला, मारा!" म्हणून शेजारी ऐकू जाईल असा गळा काढायचा.

जुलैत उन्हाने कहर केला. धाकट्या सुनेचं बाळ अंगभर घामोळ्याने रडून रडून निळं पडायला आलं. ती त्याला छातीशी धरून खाली आली.

"बाबा, पाया पडते. बाळाकडे बघा जरा."

"थोरल्याला पाठव."

चिरोंग कामावरून आला तो थेट बापाच्या खोलीत. पन्नाशीचा माणूस, पण दारात उभा राहिला की अजूनही त्याचे खांदे आक्रसायचे.

"काय हवंय तुम्हाला?"

"चहा. गुडघे टेकून. बापाला देतात तसा."

बाळाचं रडणं जिन्यातून खाली येत होतं. चिरोंग चहा घेऊन आला, गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पेला पुढे धरला. थ्येनफाने एक घोट घेतला आणि पेला परत केला.

"निवलाय. दुसरा आण."

चिरोंग उठला. दुसरा घेऊन आला. पुन्हा गुडघे टेकले. म्हाताऱ्याने तो सावकाश, भुरके मारत, पेल्याचा तळ दिसेपर्यंत प्यायला आणि मग बटण बदललं. वर एसीची पाती उघडल्याचा आवाज आला आणि धाकटी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चिरोंगने आचुंगला गच्चीवर नेलं. म्हाताऱ्याला खाली एवढंच कळलं की दोघे वर मशीनशी काहीतरी करतायत. पण उतरताना ते जिन्यात थबकले आणि बोलणं त्याच्या कानावर आलं.

"झालं, दादा. आता सूर्य कुणी दाबो, मशीन फक्त गारच करेल. आणि पहिला मान तुमच्या खोलीचा. पण एक सांगू? या मशीनला चारही खोल्या एकदम भागवायची ताकद नाही. वरच्या तिन्ही जोरात चालल्या, की खाली पोचेल ते उरलंसुरलं. आजोबांना..."

"त्यांना गार सोसत नाही."

"ते खरं, पण पुढे ऑगस्ट आहे."

"सोसत नाही म्हणालो ना."

थ्येनफाने त्या संध्याकाळी सूर्य दाबला. आता त्याच्याच खोलीतला दिवा लुकलुकला. वर कुणी ओरडलं नाही, कुणी खाली आलं नाही. टीव्हीचा आवाज तेवढा वाढला. त्याने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि मग रिमोट भिंतीवर फेकून मारला.

ऑगस्टमध्ये स्वयंपाकघराची आच आणि शेजारच्या भिंतीची धग मिळून त्याची खोली भट्टी झाली. काटकीसारख्या त्या अंगालाही घाम फुटला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गारव्याचं बटण दाबलं. एसीतून कोमट फुंकर आली, अंगाला लागेल न लागेल अशी. सुछिन ताट घेऊन आली तेव्हा त्याच्या गंजीला मिठाचे पांढरे डाग पडले होते. तिने ते पाहिले.

"उकडतंय का, बाबा?"

एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. "तुला कशाला पंचाईत?" तो म्हणाला. तिने ताट ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

पण एका दुपारी त्याच्याच्याने राहवेना. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दम खात तो वर गेला आणि थोरल्याच्या खोलीचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. पलंग व्यवस्थित लावलेला. एसी मात्र पूर्ण जोरात, सगळ्यात खालच्या आकड्यावर चालू होता आणि खोली हिवाळ्यातल्या तळ्यासारखी गार पडली होती. रिकामी खोली. रिमोट कुठेच दिसेना. चिरोंग रोज तो खिशात घालून कामावर न्यायचा, हे म्हाताऱ्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. तो चौकट धरून त्या वाऱ्यात तसाच उभा राहिला. डोळे मिटले.

"बाबा!" सुछिनचा आवाज मागून आला. "दार उघडं ठेवू नका. गारवा वाया जातो."

तिने त्याच्या दंडाला धरून त्याला एकेक पायरी खाली उतरवलं. फार जपून उतरवलं, पडू दिलं नाही. खोलीत बसवलं, पाण्याचा पेला दिला आणि बाळाला बघायला वर गेली.

संध्याकाळी धाकटा तांदूळ घ्यायला मागे गेला तेव्हा म्हातारा पलंग आणि भिंतीच्या मध्ये अडकून पडलेला सापडला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण वाचा गेली, आणि उजवा हात सोडला तर अंगातलं चलनवलनही.

घरी आणायचा विषय निघाला तेव्हा चौघंही एकमेकांकडे न बघता बोलत होते. शेवटी गावाबाहेरच्या एका वृद्धसेवा केंद्रात खाट मिळाली. तळ्यांच्या भाड्यात ते सहज बसत होतं. आचुंग पुन्हा आला, त्याने तळमजल्यावरचा एसी काढला आणि नळ्यांची तोंडं बंद केली. "चार वाटेकऱ्यांचे तीन झाले," तो म्हणाला. या खेपेला कुणी हसलं नाही. पण त्या दुपारपासून वरच्या खोल्या खरोखरच लवकर गार व्हायला लागल्या, आणि धाकटीने ते बोलून दाखवलं.

केंद्रात थ्येनफाची खाट एसीच्या बरोबर खाली आली. त्याचं बटण परिचारिकांच्या टेबलामागे, कुलपातल्या पेटीत. दिवसरात्र थंड वारा त्याच्या टकलावर पडत असायचा. उजव्या हाताने तो चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचा, आणि येणारी-जाणारी परिचारिका ती हसतमुखाने नीट करून पुन्हा छातीपर्यंत आणायची. तो तसाच दोन हिवाळे जगला.

गल्लीतल्या बायका विचारायच्या, सासरे कसे आहेत. सुछिन भाजी निवडता निवडता सांगायची, "मजेत आहेत. तिथे चोवीस तास एसी आहे."