दोनदा घेतलेलं नाव
आईच्या जुन्या पर्सच्या अस्तराला अजून खडूचा वास येतो, आणि तो आला की मुलुंडच्या चाळीतली चाळीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवते. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची आणि चौथीत मी तिच्याच वर्गात होते. शेजारी शुभंकरोती सुरू झालं की आम्ही दोघी चटईवर गुडघे टेकायचो. मग आई डोळे मिटून वर्गातल्या एकेका मुलासाठी प्रार्थना करायची, अगदी हजेरीच्या क्रमाने. माझा नंबर एकतिसावा. त्या दिवशी जे मूल गैरहजर असेल, त्याचं नाव मात्र ती दोनदा घ्यायची. न जाणो, बिचाऱ्याचं काय दुखत असेल. मला त्या मुलांचा भयंकर हेवा वाटायचा. म्हणून एकदा पोट दुखतंय असं सांगून मी घरीच राहिले आणि दिवसभर संध्याकाळची वाट बघितली. एकतिसावा नंबर आला. आईने माझं नाव एकदाच घेतलं आणि सरळ पुढे गेली. “आई, मी गैरहजर होते ना आज!” मी रडकुंडीला येऊन म्हटलं. डोळे न उघडताच ती म्हणाली, “पोट दुखत असलं की डब्यातल्या नाताळच्या चार करंज्या संपत नाहीत गं. प्रभूला ठाऊक आहे, आणि मलाही.” पण उरलेली सगळी नावं होईपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवर होता. आमच्या पंथात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची नसते, हेही तिनेच शिकवलेलं. तरी रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची नावं झाली की मी हळूच तिचं नाव घेते. दोनदा.