बाळ सकाळपासून हललं न्हाय

मुरुम गावच्या मैत्रिणींनो, मी कॅनडातून लिहितेय. लेकीचे दिवस भरलेत, म्हणून आमी दोघं महिन्याखाली हितं आलो. पहिलंच नातवंड, मला तर लई आनंद! येताना डिंक अन् बाळंतशेपा आणल्या. विमानतळावरच्या बाईनं शेपांची पुडी तीनदा हुंगली. ते असू द्या.

आज सकाळी लेक म्हणाली, "आई, उठल्यापासून बाळ हललंच न्हाय गं."

मी हसले. म्या म्हणलं, "येळ जवळ आली की लेकरू गप होतंय. माझ्या सासूबाई असंच सांगायच्या. दोन घास खा अन् झोप."

माझं ऐकून ती बिचारी दुपारपर्यंत पडून राहिली.

जावई जेवायला घरी आले. ऐकलं तसा त्यांचा चेहराच उतरला. "मामी, मला फोन तरी करायचा तुमी!" एवढंच बोलले अन् लेकीला गाडीत बसवून दवाखान्यात गेले. जाताना तिनं पोटावरचा हात काढला न्हाय.

आमचे हे म्हणाले, "तुला डॉक्टर कुणी केलं गं?" मग ते खिडकीपाशी जाऊन बसले.

तासाभरानं जावयाचा फोन आला. "अजून तपासतायत," म्हणाले. मागं लेकीचं रडणं ऐकू आलं. मी काय विचारायच्या आत फोन ठेवला.

बायांनो, तुमच्यापैकी कुणाचं लेकरू असं गप होऊन मग नीट झालं का? झालं असंल तर लगेच लिहा. अन् घरात पोटुशी लेक-सून असंल तर माझ्यासारखं तिला झोपवू नका, आधी दवाखान्यात न्या.