गोधडीखालचं इंजिन

कोंडाजी गांगुर्डे दारणा धरणाच्या पाण्यावर नाव चालवायचे. पलीकडच्या वाड्यांतून इगतपुरीच्या बाजाराला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडे, म्हणून लोक त्यांच्या नावेची वाट बघत. आधी ते वल्ही मारत. चौऱ्याहत्तर साली त्यांनी कुणाच्या तरी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन मिळवलं आणि रेल्वेतले फिटर गोटीराम यांच्याकडून नावेच्या पोटात बसवून घेतलं. नाव धुडधुड करत निघाली की काठावरच्या म्हशी माना वर करून बघत.

आषाढ लागला की नाव बंद. तिकडच्या पाऊसवाऱ्यात नाव पाण्यात घालणं म्हणजे माणसं बुडवणं. पहिल्या साली कोंडाजींनी नाव काठावर ओढली, इंजिनावर ताडपत्री टाकली आणि भात लावायला गेले. दसऱ्याला येऊन हँडल मारतात तर चाक जागचं हलेना. आत राहिलेल्या पाण्याने सगळं गंजून धरलं होतं. गोटीरामांनी दोन रविवार खर्चून ते सोडवलं आणि जाताना बजावलं, "कोंडाजी, दर साली मी येणार नाय. पावसाळ्यात बंद कसं ठेवायचं ते तुम्हीच शिकून घ्या."

शिकली ती त्यांची मुलगी झुंबर. कोंडाजींना बारके नट नीट दिसत नसत, आणि झुंबरला पाना हातात धरायला मनापासून आवडे. पुढच्या ज्येष्ठापासून बापलेकींनी ते काम अंगावर घेतलं. आधी इंजिन थोडा वेळ चालवून गरम करायचं, म्हणजे खालचं काळं तेल पातळ होऊन सगळं बाहेर पडतं. मग नवं तेल भरायचं. इंजिन थंड करायला त्यात फिरणारं धरणाचं पाणी तोटी उघडून थेंबभरही न ठेवता काढायचं. तोटीत गाळ अडकला तर झुंबर तारेने कोरून काढी. डिझेल आत फवारणारं नोझल खोलून तिथून पळीभर तेल सोडायचं, चाक हाताने फिरवून ते सगळीकडे लावायचं. शेवटी नोझल परत बसवून धुराच्या नळीत तेलाची चिंधी कोंबायची, आणि आठवड्यातून एकदा चाक सावकाश फिरवत राहायचं.

पण ठेवायचं कुठे? त्या पावसात कोरडी जागा एकच, झुंबरची आई आक्काबाई यांची चूल. बांबूला टांगून चार गड्यांनी इंजिन घरात आणलं तेव्हा आक्काबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ठेवा. पर जमिनीवर तेलाचा एक डाग दिसला, तर तुम्ही न् तुमची लेक नावेत झोपायचं." डिझेलची टाकी तेवढी गोठ्यात गेली. इंजिनावर आक्काबाईंनी स्वतःच जुनी गोधडी घातली, आणि दर पावसाळ्यात ते चुलीशेजारी मुक्कामाला येऊ लागलं.

एकोणऐंशीच्या श्रावणात झुंबरला बघायला सायखेड्याहून पाहुणे आले. मुलगा निवृत्ती, नाशिक रोडला छापखान्यात कामाला. त्याचे वडील सहादू, गोदाकाठी थोडी शेती करणारे. आणि आईमागे त्याला वाढवणारी आत्या, नवसाबाई. तिघं भिजून आले होते, म्हणून त्यांना चुलीजवळच बसवलं. आक्काबाईंनी घरात ताकीद दिली होती, इंजिनाचं नाव काढायचं नाही. मुलगी पाने फिरवते हे कळलं तर पाहुणे चहा पिऊन निघून जातील, अशी त्यांना भीती.

नवसाबाईंची नजर गोधडीवर गेली. त्यांनी आवाज खाली आणला. "म्हातारं माणूस हाय का? आपल्या बोलण्यानं जागं व्हायचं."

आक्काबाई गांगरल्या. "हां... झोपलंय."

"काय होतंय?"

"पावसाळ्यात उठत नाय," कोंडाजी म्हणाले. खोटं बोलल्यासारखं होऊ नये, एवढीच त्यांची खटपट.

नवसाबाई मायाळू बाई. त्या सरकत गेल्या, गोधडीत हात घातला आणि एकदम थांबल्या. "अहो, अंग पार गार पडलंय हो," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

झुंबरला हसू आवरेना. ती उठली आणि तिने गोधडी बाजूला केली. नवसाबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. आक्काबाईंनी कपाळाला हात लावला. सहादू मात्र गुडघ्यांवर रांगतच इंजिनापाशी पोचले.

"आमचंबी असंच हाय, नदीवरलं. दर साली पावसाळ्यानंतर जाम. तुमचं चाक फिरतं?"

"फिरतं की," झुंबर म्हणाली. "आज फिरवायचंच हाय."

तिने नळीतली चिंधी काढली, हँडल त्यांच्या हाती दिलं. "पर हळू फिरवा. आत तेल हाय."

जाम चाकं ओढायची सवय झालेल्या सहादूंनी सगळं बळ लावून हिसका दिला. चाक गर्रकन फिरलं आणि नळीतून तेलाची पिचकारी उडाली ती थेट निवृत्तीच्या नव्या पांढऱ्या शर्टावर.

निवृत्तीने शर्टाकडे बघितलं, मग झुंबरकडे. "छापखान्यात शाई उडती, तिची सवय हाय," तो म्हणाला. "हे कशानं निघतं?"

"रॉकेलनं. लगेच पुसलं तर." तिने चिंधी भिजवून त्याच्यापुढे धरली.

आधी नवसाबाई हसल्या, पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. त्यांच्या मागोमाग सगळं घर हसायला लागलं. सहादूंना तोटी कुठली, तेल किती, हे झुंबरने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. निवृत्ती शेजारी बसून ऐकत होता, आणि मधूनच असं काही विचारत होता, की त्याला इंजिनातलं काहीच कळत नाही हे साऱ्यांना कळावं. झुंबरला ते फार आवडलं, असं तिने पुढे मैत्रिणींना सांगितलं.

निघताना नवसाबाई आक्काबाईंना म्हणाल्या, "पोरगी आम्हाला पसंत हाय. तिला इचारा, पोरगा पसंत हाय का." दोघींनी मागे वळून बघितलं. झुंबर हात धुवायचं सोडून दारात उभी होती आणि नको तितक्या जोरात मान हलवत होती.

दिवाळीनंतर लग्न लागलं. सायखेड्याची मंडळी पाण्यापर्यंत ट्रकने आली आणि तिथून कोंडाजींच्या नावेतून, दोन खेपांत, मांडवाला पोचली. सकाळी इंजिन चालू करायला नवरीच हवी म्हणून झुंबर हळदीच्या हातांनी खाली उतरली होती. हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला ते चालू झालं. जयभीम करत वऱ्हाड उतरलं तेव्हा बँडवाल्यांना नावेच्या आवाजावर ठेका धरायचा मोह आवरला नाही.

लेकी माहेरी दिवाळीला येतात. झुंबर दिवाळीला यायचीच, पण ज्येष्ठाच्या शेवटीही यायची, सासऱ्यांचं नदीवरचं इंजिन आधी बंद करून. पंच्याऐंशी साली ती आली तेव्हा तिची धाकटी कडेवर होती आणि निवृत्तीच्या हातात पान्यांची पिशवी. आक्काबाईंनी जावयाला चहा दिला, मग त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलेला जुना सदरा. तो बदलून निवृत्ती नावेत उतरला, आणि कोंडाजी काठावर नात मांडीवर घेऊन निवांत बसले.