प्लाऊच्या खेळपट्टीतला उंचवटा

थर्झा व्हाऊल्स मला पहिल्यांदा दिसली ती जमिनीवर पालथी पडलेली. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमासाठी बाकं उसनी मागायला मी प्लाऊ पबच्या मागच्या दारानं शिरले होते. ही नवी मालकीण स्किटल्सच्या, म्हणजे चेंडूनं खुंट पाडायच्या खेळाच्या, लाकडी खेळपट्टीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून, पलीकडच्या टोकाला मांडलेल्या नऊ खुंटांकडे बघत होती.

"बाई, जरा खाली वाका. इथं फळ्या वर आल्यात, की मलाच भास होतोय?"

मी वाकून पाहिलं. मध्याच्या थोडं पुढे, डाव्या अंगाला, चांगला उंचवटा होता.

"भास नाही," मी म्हटलं.

"बरं झालं. मला वाटलं, या घरात आल्यापासून मला सगळंच वाकडं दिसायला लागलं."

तिचा नवरा वॉल्टर दिवसभर दूध कारखान्यात असे, त्यामुळे पब तिच्यावरच होता. इमारत मात्र दारू कंपनीची; ही दोघं भाडेकरू. कंपनीच्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं: एवढा हिवाळा बघू, गिऱ्हाईक वाढलं नाही तर खेळपट्टी उखडून पिंपांचं कोठार करू, आणि पुढे पबचंही बघू. पबच्या माडीवरच त्यांचा संसार होता. आमच्या सॉमरसेटच्या सखल भागात हिवाळ्यात शेतांत पाणी साचतं आणि माणसं आपापल्या चुलीपाशी बसतात. त्यांना उठवणार कसं?

थर्झानं सायकल काढली आणि आसपासच्या गावांतल्या पबांत जाऊन आली. तिचा बेत साधा: दर आठवड्याला एकमेकांकडे जाऊन स्किटल्स खेळायचं, हिवाळाभर. सगळे हो म्हणाले आणि लगेच भांडायला लागले. बेल पबवाल्यांच्या मते पुढचा खुंट आधी पडल्याशिवाय बाकीचे मोजायचे नाहीत. इतरांना हे हास्यास्पद वाटे. प्लाऊमध्ये बैठक भरली तेव्हा बेलचा म्होरक्या पर्स लॉक्स्टन म्हणाला, "ते सोडा. तुमच्या या उंटाच्या पाठीवर खेळायचं कसं? चेंडू आम्ही टाकायचा आणि वळण तुम्ही ठरवायचं!"

प्लाऊकडून खेळणाऱ्या म्हाताऱ्या क्लेमेंट हेम्ब्रोचा चेहरा पडला. त्या फळ्या त्याच्या आजोबांनी बसवल्या होत्या.

"ज्याचं घर, त्याची रीत," थर्झा म्हणाली. "आणि जेवणही त्याचंच. पाहुण्याला उपाशी पाठवलं तर जिंकलेला सामना हरल्यात जमा."

"जेवायला काय?" पर्सनं विचारलं.

"हॅम, वाटाणे, मुरवलेले कांदे."

"मग उंटावरसुद्धा बसतो."

सगळे हसले. क्लेमेंट हसला नाही.

पहिल्या सामन्याच्या आदल्या रविवारी थर्झा प्रार्थनेहून परतली तर खेळपट्टीवर रंध्याचा भुसा पडलेला, आणि क्लेमेंट दोन सोबत्यांसह घाम पुसत उभा.

"क्लेमकाका, हे काय केलंत?"

"सरळ केली, पोरी. पाहुण्यांनी नावं ठेवायला नकोत. आता बोलू दे त्या लॉक्स्टनला!"

"अहो, पण तुम्ही खेळणार कसे?"

हे तिघांपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचा जन्म त्या उंचवट्यावर गेला होता; चेंडू उजवीकडून सोडायचा, तो चढणार, वळणार आणि बरोबर पुढच्या खुंटावर जाणार. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

सामन्याला मीही गेले होते. प्लाऊवाल्यांचे चेंडू न वळता खुंटांच्या बाजूनं सरळ जाऊन भिंतीवर आदळत होते. बेलवाले आधी पोट धरून हसले. मग पर्सनं वाकून फळ्यांवरून हात फिरवला, ताजं लाकूड पाहिलं आणि आपल्या माणसांना हसू नका म्हणून खुणावलं. सामना दणकून हरल्यावर क्लेमेंटनं कोट चढवला. त्याच्यामागे दुसरेही उठले. थर्झा हातात पळी घेऊन दारात उभी होती. घरचेच निघून गेले तर तिचा हिवाळा तिथंच संपत होता.

"ए म्हाताऱ्या, कोट काढ," पर्स म्हणाला. "पाहुण्यांसाठी स्वतःचाच हात कापून घेणारा यजमान मी आजवर पाहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे ये. आमच्या खेळपट्टीला कोपऱ्यात खड्डा आहे. तो मी बुजवणार नाही, आधीच सांगतो."

"बुजवू नकोस," क्लेमेंट म्हणाला. "नाहीतर हरल्यावर तुला सबब काय उरेल?" आणि त्यानं कोट खुंटीला लावला.

पातेलं खरवडेपर्यंत दोन्ही संघ जेवले.

पण थर्झाचा पब तगला तो सामन्यांमुळे नव्हे, त्या रंध्यामुळे. सपाट फळ्यांवर खेळायला नव्यानं शिकणं भाग होतं, म्हणून प्लाऊवाले रोज संध्याकाळी सरावाला येऊ लागले. त्यांची फजिती बघायला शेजारी येत, आणि शेजाऱ्यांना शोधत त्यांच्या बायका. मार्चमध्ये कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला बसायला जागा मिळाली नाही. त्यानं उभ्यानंच हॅम खाल्लं, आणि कोठाराचा विषय काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात आणखी पब लीगमध्ये आले. नियमांत एकच भर पडली: हंगामात कुणीही आपल्या फळ्यांना रंधा लावायचा नाही.

वॉल्टर आता नाही. पब मुलगी चालवते. थर्झानं ऐंशी कधीच ओलांडली. मंगळवारी ती बायकांच्या संघातून खेळते. गुडघे वाकत नाहीत, म्हणून चेंडू उभ्यानंच टाकते.