मेयरच्या डोक्यावर हात

इझमेनी कसाव्याच्या कंदांच्या भाकऱ्या भाजून विकायची. पण हैतीच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात सगळे तिला ओळखायचे ते तिच्या शुक्रवारच्या प्रार्थनेमुळे. चॅपलात गुडघे टेकून ती राष्ट्राध्यक्षापासून गावच्या मेयरपर्यंत एकेकाचं नाव घ्यायची आणि त्यांच्यासाठी शहाणपण मागायची. एकोणीस वर्षांत एकही शुक्रवार चुकला नव्हता.

चक्रीवादळात निम्म्या गावाची छपरं उडाली. शेजारची रोझलोर नऊ दिवसांची बाळंतीण, तान्ह्या मुलीला पोटाशी धरून केळीच्या पानांखाली भिजत होती. मदतीच्या ताडपत्र्या मेयरकडे आल्यात, असं कळताच इझमेनी त्याच्या घरी गेली.

ताडपत्र्या होत्या. परसातल्या झुंजीच्या कोंबड्यांच्या खुराड्यांवर ताणून बांधलेल्या, निळ्या, कोऱ्या करकरीत. खाली कोंबडे निवांत मका टिपत होते.

"संपल्या गं मावशी," मेयर आंतेनोर अत्तराच्या रुमालाने मान पुसत म्हणाला. "देवावर भरवसा ठेव. तूच शिकवतेस ना सगळ्यांना?"

इझमेनी तिथून निघाली. ती रोझलोरला आपल्या अर्ध्या उघड्या स्वयंपाकघरात घेऊन आली.

निवडणूक तोंडावर होती. त्या रविवारी आंतेनोर चॅपलात आला, पहिल्या बाकावर बसला. पास्टर म्हणाले, "इझमेनीताई, साहेबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा."

तिने हात ठेवला. तेलाने चपचपीत केस, घाम आणि तेच अत्तर. पाल अंगावर पडावी तसं झालं तिला.

"प्रभू," ती डोळे मिटून म्हणाली, "इतकी वर्षं यांच्यासाठी शहाणपण मागितलं, चुकलंच माझं. ह्याचे कोंबडे तुझ्या ताडपत्रीखाली कोरडे आहेत नि रोझलोरचं लेकरू खोकतंय. ह्याला आधी लाज दे. शहाणपणाचं मग बघू."

सगळ्यांच्या माना मेयरकडे वळल्या. मागून एक म्हातारा कोळी तेवढा खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन!"

"काय बोलून बसलात हे!" नंतर पास्टर तिच्यावर उखडले. "चॅपलच्या छपरासाठी पत्रे देणार होते ते!"

"मग त्या पत्र्यांखाली तुम्हीच बसा," म्हणून ती निघाली. वाटेतल्या नळावर तिने दोनदा हात धुतला, तरी वास जाईना.

पास्टरांनी शुक्रवारची प्रार्थना तिच्याकडून काढून घेतली. चॅपलावर नवे पत्रे चढले. आंतेनोर पुन्हा निवडून आला.

"ऐकतो तरी का गं तुझा देव?" रोझलोरने विचारलं. बाळाचा खोकला एव्हाना उतरला होता.

"ताडपत्री काय देवाने घातली कोंबड्यांवर? आणि मतं आपल्याच लोकांनी दिली, त्याने वाटलेल्या ताटभर भातासाठी. शिसारी येते बघ. पण माणसांची शिसारी आली म्हणून त्याला कशी सोडू?"

पुढच्या शुक्रवारी तिने अंगणात, भाकऱ्यांच्या तव्याजवळच गुडघे टेकले. चार बायका आल्या. आंतेनोरचंही नाव तिने घेतलं, दात आवळून. रोझलोर आधी नुसतीच बसायची. तिसऱ्या शुक्रवारी तिनेही गुडघे टेकले आणि पहिल्यांदा छप्पर मागितलं.