हलती रेघ

आशाबाई कंट्रोल रूममध्ये आल्या की चपला बाहेर काढायच्या आणि पडद्यावरच्या रेघांकडे बघत उभ्याच राहायच्या. आकडे नंतर. चहा त्याच्याही नंतर, आणि तोवर तो निवलेला असायचा. "मला निवलेलाच आवडतो," असं म्हणत तो प्यायच्या आणि तोंड वाकडं करायच्या.

पाटोद्याबाहेर आमचा कारखाना आहे. तिथे सुंठेच्या भुकटीतून तेल काढतात. कार्बन डायऑक्साइड तापवून त्यावर इतका दाब द्यायचा की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. तशा अवस्थेत तो भुकटीतलं तेल सोबत घेऊन येतो. दाब, उष्णता, झडपा सगळं संगणक सांभाळतो, आम्ही ऑपरेटर नुसते बघणारे. एकदा पाहुण्यांना मी ऐटीत सांगितलं, "सगळं आपोआप होतं." बाई मागून म्हणाल्या, "आपोआप लग्न बी होत न्हाई बाबा. तुझं कावून राहिलंय मग?" पाहुणे हसले. मला अजून हसू आलेलं नाही.

बाई मूळच्या कड्याच्या. आधी आयटीआयमध्ये शिकवायच्या, म्हणून कंट्रोल रूमच्या प्रमुख झाल्या तरी सगळ्यांच्या त्या बाईच राहिल्या. नव्या माणसाला रेघ दाखवून सांगायच्या, "ही बघ, बारीक थरथरतीय. जितं हाय ते हलतंय. गुमान सरळ झाली की समज, यंत्र आंधळं झालंय."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा त्यांच्याच हातची. पंप, झडपा, दाबमापक, एकेकाला ओल्या कुंकवाचं बोट लावायचं. एखादं राहिलं तर रुसून बसेल अशी त्यांना काळजी. एका वर्षी पंपाच्या खोलगट खोलीत, जमिनीलगत, गॅसची गळती ओळखणारा नवा सेन्सर बसवला होता. हा गॅस जड, खाली साचतो. बाई गुडघे धरून वाकल्या आणि त्यालाही बोट लावलं, नेमकं जाळीवर.

दसरा करून आम्ही कामावर आलो. पंप सुरू झाले, पडद्यावर सगळं हिरवं. फिटर गंगाधर पंपाच्या खोलीकडे निघाला होता. बाई नेहमीसारख्या उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. सेन्सरची रेघ पट्टीनं आखल्यासारखी होती.

"गंग्या, खाली उतरू नको," त्या माइकवर म्हणाल्या. "हाय तिथंच थांब."

आम्ही हातात धरायचं गॅस-मीटर दोरीला बांधून खाली सोडलं, तर ते किंचाळायला लागलं. पंपाचं सील गळत होतं. सेन्सरला पत्ताच नाही, म्हणून आपोआप लागणारा पंखाही लागला नव्हता. खोलीतला गॅस निघून गेल्यावर बाई स्वतः खाली गेल्या आणि जाळीची भोकं बुजवून बसलेलं वाळलेलं कुंकू बघून आल्या.

चौकशी लागली. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो; पंचक्रोशीत त्यांचा शब्द चालतो. ते बाईंना म्हणाले, "पूजेचं सामान गंगाधरनं आणलतं. त्याच्यावर ढकलू. तुमी कावून पुढं होता?"

"अण्णा, बोट माझं हाय," बाई म्हणाल्या. "त्याचा जीव जात होता, आता नाव बी त्याचंच बदनाम करायचं?"

बाईंना नोकरी सोडावी लागली. मला अण्णांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही आला. गप्प राहिल्या असत्या तर आमच्यात राहिल्या असत्या. गंगाधरचं काय झालं असतं, हे मला मागाहून सुचलं.

तेव्हापासून आम्ही कुंकू यंत्राशेजारच्या भिंतीला लावतो. दर खंडेनवमीला कड्याहून फोन यायचा.

"कुंकू कुठं लावलं?"

"भिंतीला, बाई."

"आन् रेघ?"

"हलतीय."

"मग ठेव." की फोन बंद. ख्यालीखुशाली विचारायची पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. यंदा पूजा झाली, प्रसाद वाटला, तरी माझं लक्ष फोनकडेच होतं. तेवढ्यात गंगाधर वर आला. तो कधी कंट्रोल रूममध्ये येत नाही. त्यानं दाराबाहेर चपला काढल्या, पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला, मग हलक्या आवाजात म्हणाला, "हलतीय, बाई."